अनामत भरण्याआधी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सरकारी दवाखाना बरा की खाजगी, हा वाद आपल्या वस्तीत रोज चालतो. सरकारीत पैसा कमी, पण रांग मोठी. तपासणीची तारीख लांबची मिळते, कधी औषध बाहेरून आणा म्हणतात. रोजंदारीवाल्याचा एक खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल गेली. तो खर्च कोणी धरतच नाही. म्हणून माणूस खाजगीत जातो आणि बिलाखाली दबतो.

माझ्या दाजींचंच सांगतो. एका रात्री त्यांचं अपेंडिक्स फुटलं. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तर आधी अनामत मागितली. ताईने गळ्यातली पोत गहाण टाकली. दाजी वाचले, पोत व्याजात बुडाली. पुढे कळलं, ते हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं होतं! बरोबर शिकलेला मीच होतो आणि मीच फाटकावरची पाटी वाचली नव्हती. ही लाज अजून जात नाही.

बंधू-भगिनींनो, मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून आपल्या राज्यात लागू आहे. धर्मादाय रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतले २ टक्के वेगळ्या निधीत जमा होतात. तातडीच्या वेळी अशा रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचं असतं. हे काही उपकार नव्हेत. ट्रस्ट म्हणून त्यांना करात सवलत मिळते.

सरकारीतही फरक पडला आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. मात्र पालिकेची आणि मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्यात नाहीत, तिथे चौकशी करूनच जा.

तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन आजारी भिक्षूला स्वतः अंघोळ घातली, ही विनयपिटकातली हकीकत आपण ऐकतो. त्या भिक्षूकडे बघणारं कोणी नव्हतं. आपल्याकडे रात्री कोणाला न्यायची वेळ आली तर वाचता येणारा एक जण सोबत जाऊ द्या. काउंटरवर पहिला प्रश्न हाच करा, "हे धर्मादाय आहे का?" मग तिथल्या समाजसेवकाला भेटा. नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांकडे लेखी तक्रार करा.

तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मात्र आजारपण यायच्या आधी काढलेला बरा. रविवारी वंदनेनंतर मी इथेच बसतो. रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन या, अर्ज लिहून देतो.

जयभीम! नमो बुद्धाय!