बियाण्याच्या उद्योगातील नोकरमाणूस



जैवतंत्रज्ञानाच्या उद्योगात राबणाऱ्या माणसाला तेथे काय आवडते आणि काय खुपते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. पुण्या-मुंबईकडे जैवतंत्रज्ञान म्हटले की लस आणि औषधे डोळ्यांपुढे येतात. परभणी जिल्ह्यात मात्र ते येते बियाण्याच्या पिशवीतून. म्हणून या प्रश्नाचे उत्तरही येथे बियाण्याच्या उद्योगातच शोधावयास हवे.

आधी आवडीचे पाहू. या उद्योगातील माणसाला आपल्या श्रमाचे फळ शेतात उभे राहिलेले दिसते, आणि हे भाग्य फार थोड्या नोकऱ्यांच्या वाट्याला येते. परभणीचे कृषी विद्यापीठ 1972 साली, दुष्काळाच्या झळा लागत असताना स्थापन झाले. त्याच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने 1984 मध्ये ‘एनएचएच 44’ हा संकरित वाण दिला. कोरडवाहू शेतकऱ्याने तो उचलून धरला. 1985 च्या सुमारास ‘परभणी क्रांती’ ही भेंडी आली. पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देता यावे, म्हणून तिच्यात भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाचा गुण आणलेला होता. देशभरच्या बाजारात या जिल्ह्याचे नाव एका भाजीने पोहोचविले. 2018 मध्ये लोह आणि जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी प्रसारित झाली. या कामाला ज्यांचे हात लागले, त्यांचा पगार कितीही असो, त्यांच्या अभिमानाला आधार आहे.

खासगी क्षेत्रातही हे समाधान नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली ‘महिको’ ही कंपनी सुरू केली आणि त्यानंतर ते शहर बियाण्याची पेठ बनले. लातूरच्या कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयातून किंवा परभणीच्या विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलामुलींना या उद्योगाने घराजवळ काम दिले. सूक्ष्मदर्शकाशी, ऊतिसंवर्धनाच्या काचपात्रांशी, जनुकांच्या चाचणीशी त्यांची ओळख करून दिली. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोळपे आणि तिफणच माहीत होती, त्या घरातील मुलगी प्रयोगशाळेत उभी राहते, ही गोष्ट सामान्य नव्हे.

मग खुपते काय? पगार अपुरा, काम हंगामी, करार वर्षावर्षाचा, ही गाऱ्हाणी आहेतच. सरकारी कृषी विद्यापीठांत पदे रिकामी राहतात आणि प्रक्षेत्रावरील रोजंदारी मजुरांचा कायम होण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळतो. खासगी कंपनीत मालक कधी बदलेल याचा नेम नसतो. 2018 च्या जूनमध्ये ‘बायर’ने ‘मोन्सँटो’ विकत घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातील 12 हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. हजारो कुटुंबांच्या अन्नाचा असा निर्णय होत असता, कामगाराला त्यात मत किती होते?

परंतु याहून खोल एक सल आहे. आपल्या कामाविषयीचे खरे बोलण्याची मुभा या माणसाला नसते.

बीटी कापसाची कथा यासाठी आठवावी. मार्च 2002 मध्ये या कापसाला देशात परवानगी मिळाली आणि 2006 मध्ये दोन जनुकांचा पुढचा अवतार आला. बोंडअळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये, म्हणून साध्या कापसाच्या ओळी भोवती लावाव्यात असा नियम होता. 450 ग्रॅमच्या पिशवीसोबत त्यासाठी 120 ग्रॅमची वेगळी पुडी मिळे. बहुतेक शेतांत ती पेरलीच जात नव्हती, आणि गावोगाव फिरणाऱ्या प्रतिनिधीच्या डोळ्यांसमोर हे घडत होते. 2010 च्या मार्चमध्ये गुजरातमधील गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाला दाद देणे सोडल्याचे कंपनीनेच जाहीर केले. तरीही 2017 मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील कापूस गुलाबी अळीने पोखरला, तेव्हा शेतकऱ्यापुढे जाब द्यायला उभा होता तो मोटारसायकलवरून फिरणारा तरुण. मृगाच्या तोंडावर ठरलेल्या पिशव्या खपविणे एवढेच त्याचे काम होते. बहुधा तो त्याच पंचक्रोशीतला. ज्यांना त्याने बियाणे सुचविले त्यांत त्याचा मामा असतो, चुलता असतो. कंपनीच्या दारात तो नोकर आणि गावाच्या पारावर आरोपी, अशी ही अवस्था आहे.

विज्ञान चुकते, वाणही म्हातारे होतात. ‘परभणी क्रांती’ची रोगाशी झुंजण्याची शक्तीसुद्धा पुढे क्षीण झाली. पण ते शास्त्रज्ञांनी शोधनिबंधांतून उघडपणे मांडले आणि पुढच्या वाणांचा शोध चालू राहिला. ज्याची बढती विक्रीच्या आकड्यावर अवलंबून आहे, त्याने ‘यंदा हे बियाणे घेऊ नका’ असे म्हणावे कसे? महाराष्ट्राने 2009 मध्ये कापूस बियाण्याचा कायदा केला. त्याने शेतकऱ्याला तक्रारीची आणि भरपाईची वाट दिली. कर्मचाऱ्याने वेळीच इशारा दिला तर त्याच्या नोकरीचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला आहे.

आणखी एक वर्ग असा आहे की ज्याला कर्मचारी म्हणूनही कोणी मोजत नाही. संकरित बियाणे हाताने घडवावे लागते. संध्याकाळी मादी झाडाच्या कळीतील पुंकेसर नखाने काढून टाकावयाचे, दुसऱ्या सकाळी नर फुलाचे पराग तिच्या स्त्रीकेसरावर लावावयाचे आणि खुणेचा दोरा बांधावयाचा. एकेका कळीसाठी हा खटाटोप करावा लागतो. गुजरात, आंध्र आणि तेलंगणातील कापसाचे सीड प्लॉट असोत की देऊळगाव राजाकडील शेडनेटमधील भाजीपाल्याचे, हे काम मुख्यतः बाया करतात. कापसाच्या प्लॉटवर शाळकरी मुलीही राबत असल्याचे पूर्वी अनेक पाहण्यांनी उघड केले आहे. कंपनी शेतकऱ्याशी करार करते, शेतकरी मजुरी देतो. त्यामुळे ज्या बोटांनी संकर घडविला, त्या बोटांचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर नसते. ‘तुम्हाला येथे काय आवडते?’ असे त्यांना विचारण्याचा प्रसंगच येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की भांडवल गुंतविणाऱ्याला नफा नको काय, आणि या उद्योगाने मराठवाड्यात रोजगार आणला नाही काय? आणला, हे वर मान्यच केले आहे. संशोधनाला पैसा लागतो हेही खरे. पण खरे सांगणाऱ्याचे तोंड बंद केल्याने नफा फार तर चार हंगाम टिकतो. अळी कोणाचे विक्रीचे उद्दिष्ट पाहून थांबत नाही. त्या चार हंगामांचे कर्ज मात्र शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर चढते.

म्हणून या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या मागण्या वेतनवाढीपाशी थांबू नयेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते हंगामी क्षेत्र-सहायकाच्या हातात खरोखर पडते की नाही, हे संघटनांनी गावोगाव तपासावे. बियाण्यातील दोष लेखी कळविणाऱ्यास कामावरून काढता येणार नाही, अशी तरतूद बियाण्याच्या कायद्यात व्हावी. बीजोत्पादनाच्या करारात संकर करणाऱ्या स्त्रियांची मजुरी स्वतंत्रपणे लिहिली जावी आणि तिची जबाबदारी कंपनीवर असावी. विद्यापीठांतील रिकामी पदे भरावीत, म्हणजे खासगी बियाण्याची निःपक्ष पारख करणारे कोणी तरी शिल्लक राहील.

कर्मचारी आणि शेतकरी यांना एकमेकांसमोर उभे करणे मालकवर्गाला सोयीचे असते. परभणीच्या मोंढ्यात हे दोघे दुकानाच्या फळीच्या दोन बाजूंना दिसतात खरे, परंतु पुष्कळदा ते एकाच घरातून आलेले असतात. कर्मचाऱ्याला निर्भयपणे खरे बोलता आले, तर त्याची नोकरी त्याला अधिक आवडेल आणि शेतकऱ्याचा हंगामही वाचेल. कामगार संघटनांनी आणि शेतकरी संघटनांनी ही मागणी एकत्र हाती घ्यावी, आणि ती येत्या खरिपाच्या आत घ्यावी.