गवंड्याची थापी आणि नवे साचे

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी शाळामास्तर, पण घराणे गवंड्याचे. बेळगावात अब्बांनी ज्या घरांच्या भिंती उभारल्या, त्या घरांतली मुले पुढे माझ्या वर्गात बसली. तेव्हा आज गवंड्यांविषयीच बोलतो.

आमचे आजोबा चुन्यात काम शिकले. पोरबंदरला 1914 साली सिमेंट निघू लागले, ते हळूहळू गावोगाव पोचले आणि चुन्याच्या घाण्या थांबल्या. गवंडी मात्र थांबला नाही. थापी तीच, ओळंबा तोच, पाणसळ तीच. फक्त मसाला बदलला.

आजचा बदल तसा नाही. मोठ्या इमारतींवर ॲल्युमिनियमचे साचे आले आहेत. सळया बांधायच्या, साच्याचे तुकडे खुंट्या-पाचरी मारून जोडायचे आणि भिंत व स्लॅब एकदमच काँक्रीटने भरायची. साचा सोडविला की भिंत गुळगुळीत. वीट रचणे नाही, जाड गिलावा नाही. गवंड्याची रोजी ज्या दोन कामांवर चालते, नेमकी तीच गेली. काँक्रीट गाडीतून येते आणि पंपाने वर चढते. पाट्या वाहणाऱ्या बायांची रांगही तुटली. त्यांचे नुकसान अधिक, कारण त्यांच्या हाती थापी कोणी दिलीच नव्हती.

माझा एक जुना विद्यार्थी सातवीतून शाळा सोडून गेला आणि गिलाव्याचा उत्तम कारागीर झाला. दोन वर्षांपूर्वी तो परांचीवरून पडला, पाय मोडला. बांधकाम कामगार कल्याण मंडळात त्याची नोंद नव्हती. आज या मुकादमाकडे, उद्या त्या. वर्षात 90 दिवस भरले, पण दाखला कोणी दिला नाही. बरा होऊन तो मोठ्या कामावर गेला. साच्याच्या प्रत्येक तुकड्यावर क्रमांक असतो, तो नकाशाशी जुळवावा लागतो. नकाशा वाचता येईना म्हणून त्याला परत पाठविले. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, भूमिती तुम्हीच शिकवली होती ना? मग मला हे का येत नाही?"

मला उत्तर देता आले नाही. काटकोन मी फळ्यावर काढून दाखविला होता; त्याच्या बापाच्या हातातल्या गुण्याशी तो कधी जोडून दाखविला नाही.

कायदा नाही असे नाही. 1996 साली केंद्राने बांधकाम कामगारांसाठी दोन कायदे केले. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकरातून अपघात, आजारपण, निवृत्तिवेतन व मुलांचे शिक्षण यांना मदत व्हावी, अशी ती योजना. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता आल्या, तरी 18 ते 60 वयाच्या कामगाराला 90 दिवसांची अट कायमच आहे. म्हणजे दिवस मोजून कोणीतरी लिहून ठेवले पाहिजेत.

हे काम संघटनेचे. संघटनांनी मजुरीसाठी झगडा केला, तो योग्यच होता. परंतु जे कामच उरले नाही, त्याची मजुरी वाढवून कशी मागणार? म्हणून संघटनेने यापुढे दोन वह्या ठेवाव्यात: एक प्रत्येकाच्या दिवसांची, दुसरी शिकवणीची.

आणि आपला न्यास? आपण मुलांना शिष्यवृत्त्या देतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण बापाची रोजी बुडाली की मुलाची शाळा सुटते, हे मी हजेरीपटावर पाहतो. माझी विनंती एवढीच, की आठवड्यातून दोन संध्याकाळी न्यासाने एक खोली उघडून द्यावी. नकाशा वाचणे व मापे काढणे मी विनामूल्य शिकवीन. तो माझा विद्यार्थी पहिल्या बाकावर बसायला कबूल झाला आहे. बिगारी काम करणाऱ्या भगिनींनीही यावे; त्यांना थापी धरायला तो शिकवील.

येताना प्रत्येकाने आपला गुण्या बरोबर आणावा. या वेळी भूमिती तिथूनच सुरू करू.