निवृत्तांचा आरोग्य विमा : उंबरठा किती उंच असावा?

(संस्थेच्या निवृत्त शिक्षक व शिक्षकेतर सेवकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



विम्याचा मी जाणकार नाही. एकतीस वर्षे आठवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकविले, एवढाच माझा अधिकार. परंतु निवृत्तीनंतर जो हिशेब मला चुकला, तो मी वर्गात एकाही मुलाला चुकू दिला नसता. ती चूक माझ्या घराला १ लाख ३० हजार रुपयांना पडली. चिटणीस साहेबांनी विषय विचारला तेव्हा दुसरा विषय शोधण्याची गरज मला वाटली नाही.

आपल्यापैकी बहुतेकांची कथा सारखीच आहे. नोकरी संपते, ग्रॅच्युइटी व फंडाचे पैसे हातात येतात, आणि त्याच महिन्यात घराचा स्लॅब, मुलीचे लग्न, भावाची अडचण अशी सर्व कामे दारात उभी राहतात. (ती नाकारा असे मी म्हणत नाही, मीही नाकारली नाहीत.) उरलेल्या पैशांतून विमा घ्यावयास जावे तर साठीनंतरचा हप्ता ऐकून माणूस खुर्चीतून उठतो. मग कोणी म्हणतो, पुण्याच्या मुलाच्या कंपनीत आई-वडिलांचा विमा आहे, आपल्याला काय कमी? आहे हे खरे. पण मुलाने नोकरी सोडली की तो सहसा त्याच दिवशी संपतो, आणि तेव्हा आपण सत्तरीला टेकलेले असतो.

अशा वेळी उपयोगी पडते ती पूरक पॉलिसी. तिची कल्पना साधी आहे. एका ठराविक रकमेपर्यंतचे इस्पितळाचे बिल तुम्ही भरावयाचे, त्यापुढचे कंपनीने. या ठराविक रकमेला विम्याच्या कागदावर डिडक्टिबल म्हणतात. मी तिला उंबरठा म्हणतो, कारण बिलाने तो ओलांडल्याशिवाय कंपनी घरात येत नाही. उंबरठ्याखालचे पैसे तुम्ही खिशातून भरा नाहीतर दुसऱ्या पॉलिसीतून. पहिली पॉलिसी असलीच पाहिजे असे नाही. लहान बिले कंपनीकडे जातच नाहीत, म्हणून हप्ता बराच कमी असतो.

आता माझी चूक. या पूरक पॉलिसीचे दोन प्रकार आहेत, टॉप-अप आणि सुपर टॉप-अप. नाव ऐकून मला वाटले, दुसरी अधिक महाग व अधिक दिखाऊ, एवढाच फरक असावा. २०१५ साली मी साधी टॉप-अप घेतली, ३ लाखांच्या उंबरठ्याची. २०१९ साली माझ्या पत्नीच्या हृदयाला स्टेंट बसवावा लागला. बिल २ लाख ४० हजार. उंबरठ्याच्या खाली, म्हणून मी निमूटपणे भरले. चार महिन्यांनी ती न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले. बिल १ लाख ९० हजार. दोन्ही मिळून झाले ४ लाख ३० हजार. मी क्लेमचा अर्ज भरून पाठविला. उत्तर आले, देय रक्कम शून्य.

कारण असे की, साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळचे बिल वेगळे धरून उंबरठ्याशी ताडून पाहतात. माझे एकही बिल एकट्याने ३ लाखांपुढे गेले नव्हते. सुपर टॉप-अपमध्ये पॉलिसीच्या वर्षातील सर्व मान्य बिलांची बेरीज करतात. तीच दोन बिले, तोच उंबरठा; पण बेरजेतून ३ लाख वजा जाता १ लाख ३० हजार मिळाले असते. कंपनीला दोष देण्याची सोय मला नाही. करारात सर्व छापले होते, आणि वाचले नव्हते ते मी. म्हातारपणी एकच मोठे आजारपण येते असे थोडेच आहे? एकामागून एक दोन-तीन येतात. म्हणून निवृत्तांनी सुपर टॉप-अपच पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पॉलिसीचे वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर नव्हे, तर पॉलिसी सुरू झालेल्या तारखेपासूनचे वर्ष. मध्ये नूतनीकरण झाले की बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू होते.

आता उंबरठा किती ठेवावा? एजंट म्हणेल, उंच ठेवा, हप्ता कमी होईल. ते खरेच आहे. पण किती उंच केल्याने किती कमी होईल, हे त्याच्याकडून लेखी घ्या आणि घरी येऊन भागाकार करा. समजा, पहिल्या रुपयापासून सर्व खर्च देणाऱ्या पॉलिसीपेक्षा ३ लाखांच्या उंबरठ्याची पॉलिसी वर्षाला ४० हजारांनी स्वस्त पडते. ३ लाखांना ४० हजारांनी भागा. साडेसात वर्षे बिलाशिवाय गेली आणि तो वाचलेला हप्ता तुम्ही खर्च न करता बाजूला टाकला, तर उंबरठ्याची रक्कम जमली. ही पायरी घेण्यासारखी आहे. आता समजा, उंबरठा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेला तर हप्ता आणखी ४ हजारांनी उतरतो. २ लाखांना ४ हजारांनी भागा. उत्तर पन्नास! पासष्टीच्या माणसाने ४ हजार वाचविण्यासाठी, पन्नास वर्षांत एकदाही एवढे मोठे बिल येणार नाही अशी पैज का मारावी? हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमचे वेगळे येतील, पण रीत हीच. आणि ज्याला दमा किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे दरवर्षी इस्पितळात जावे लागते, त्याने पहिलीही पायरी जपून चढावी. त्याला उंबरठ्याखालचे बिल दरवर्षीच भरावे लागेल.

भागाकार जुळला तरी एक प्रश्न राहतो. ही रक्कम आहे कोठे? दागिन्यांत, जमिनीत, किंवा मुलाच्या घरात घातलेली रक्कम उंबरठ्याच्या कामाची नाही. रात्री दोन वाजता रत्नागिरीहून कोल्हापूरला रुग्ण न्यावयाचा झाला, तर सकाळी इस्पितळाच्या खिडकीवर अनामत मागतात. ती रक्कम बँकेत मुदतठेवीत असावी, पती-पत्नी दोघांच्या नावे, दोघांपैकी कोणालाही काढता येईल अशी. खाते एकट्या नवऱ्याच्या नावे आणि नवराच अतिदक्षता विभागात, असा प्रसंग मी शेजारच्या घरी पाहिला आहे. ज्याची ठेव २ लाखांची, त्याने ५ लाखांचा उंबरठा घेऊ नये, मग हप्ता कितीही कमी असो.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. जुने आजार लपवू नका. पॉलिसी घेण्यापूर्वीच्या आजारासाठी जो थांबण्याचा काळ असतो, तो २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षे केला आहे. लपविलेला मधुमेह क्लेमच्या वेळी बाहेर येतो, तेव्हा या तीन वर्षांची किंमत कळते. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदलणे यांनाही असाच काळ असतो, म्हणून दुखू लागल्यावर विमा शोधण्यात अर्थ नाही. विमा कंपन्यांनी सर्व वयांच्या लोकांसाठी पॉलिसी ठेवाव्यात असेही २०२४ साली ठरले. परंतु तब्येत पाहून नकार देण्याचा हक्क त्यांना आहेच. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा तर आधी विमा नियामक प्राधिकरणाशी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे. त्याआधीच्या कोष्टकावरून कोणी हप्ता सांगत असेल तर त्याला विचारा.

सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलेच पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता ते मिळते आणि त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. खाजगी विमा असला तरी कार्ड मिळते. मात्र ते यादीतील इस्पितळांतच चालते. आपल्या तालुक्यातील कोणते इस्पितळ यादीत आहे हे आजच पाहून ठेवा, आजारपणात नव्हे.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. बिल उंबरठ्याखाली राहिले तरी सुपर टॉप-अपच्या कंपनीला कळवून ठेवा, आणि प्रत्येक बिल, औषधाची पावती, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पहिल्या पॉलिसीने पैसे दिले असतील तर तिचा हिशेबाचा कागदही घ्या. आठ महिन्यांनी दुसरे आजारपण आले तर बेरीज याच कागदांवरून होणार आहे. क्लेम नाकारला आणि तक्रारीचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही.

२०२० साली मी सुपर टॉप-अप घेतली, ३ लाखांच्याच उंबरठ्याची. पत्नीचा स्टेंट, खुबा, माझा रक्तदाब, सर्व लिहून दिले. ती पॉलिसी, ३ लाखांच्या ठेवीची पावती आणि दोघांची आधार कार्डे एका जाड पाकिटात घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहेत. कोणता कप्पा, हे दोन्ही मुलांना आणि शेजारच्यांनाही सांगून ठेवले आहे. ज्यांना आपल्या पॉलिसीवर टॉप-अप लिहिले आहे की सुपर टॉप-अप, हे पाहून घ्यावयाचे असेल त्यांनी चहानंतर कागद घेऊन वाचनालयात यावे. मी तेथे बसणार आहे.