केंद्रकाच्या फाटकातून

श्रोतेहो, विहिरीला पाणी असलेले आपले धरणगाव, चोपडा, शिरपूरकडचे शेतकरी मे महिन्यातच कपाशीची सरकी लावतात. त्या सरकीत एका जिवाणूचे, म्हणजे बीटीचे, जनुक असते. मातीतल्या जिवाणूचे हे जनुक पऱ्हाटीच्या पेशीत, तेही थेट केंद्रकात, शिरले कसे?

केंद्रक म्हणजे उघडे अंगण नव्हे. त्याला दुहेरी पडदा असतो आणि पडद्यात छिद्रे. लहानसहान प्रथिने त्यातून आपसूक ये-जा करतात, मोठ्यांना अडवले जाते. प्रथिने तयार होतात बाहेर, पेशीद्रवात. ज्यांचे काम आत असते, त्यांच्या अंगावरच पत्ता लिहिलेला असतो: लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांचा छोटा पुंजका. 1984 मध्ये माकडाच्या एका विषाणूच्या प्रथिनातला असा पत्ता नेमका ओळखला गेला. तो अवघ्या सात अमिनो आम्लांचा निघाला! इम्पोर्टिन नावाची प्रथिने हमालासारखी तो पत्ता वाचून माल आत नेतात. आत 'रॅन' नावाचे प्रथिन माल सोडवते आणि हमाल पुढच्या खेपेला मोकळा होतो.

आता अ‍ॅग्रोबॅक्टेरियमची लबाडी ऐका. झाडांच्या खोडावर, मुळांवर गाठी आणणारा हा जिवाणू. तो आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. तुकड्याच्या टोकाला 'व्हिर-डी-2' हे प्रथिन चिकटलेले असते, आणि त्यावर झाडाच्याच भाषेतला केंद्रकाचा पत्ता असतो. झाडाचे हमाल भोळेपणाने चोराचे गाठोडे घरात नेऊन ठेवतात. शास्त्रज्ञांनी त्या गाठोड्यातली गाठ आणणारी जनुके काढली आणि बीटीचे जनुक भरले.

मग आपल्या सरकीत तो गाठींचा जिवाणू असतो का, असे विचारणारे भेटतात. नाही. हे काम प्रयोगशाळेत 'कोकर 312' या अमेरिकन वाणावर झाले. पुढे साध्या संकरातून ते जनुक आपल्या वाणांत आले, आणि 2002 मध्ये लागवडीला परवानगी मिळाली. जनुक केंद्रकात असले तरी अळीला मारणारे प्रथिन बनते बाहेर, पेशीद्रवातच. पान किंवा बोंड कुरतडले की ते अळीच्या आतड्यात जाते.

गुलाबी बोंडअळीने मात्र त्यालाही दाद दिली नाही. 2017 च्या हंगामात महाराष्ट्राने ते पाहिले. जनुक केंद्रकात पक्के बसले आहे, पण अळी बदलली आहे. फरदड ठेवली की तिला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळत राहते. म्हणून वेचणी संपताच पऱ्हाट्या उपटा.