घरची बाग आणि गोगलगाईचा उपद्रव
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



शिक्षणनिधी, वसतिगृह, वधूवरसूचक मंडळ अशा भारदस्त विषयांवरील भाषणांनंतर गोगलगाईविषयी बोलण्यास उभे राहणे काहीसे विनोदी दिसेल, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु आपणांपैकी बहुतेकांच्या घरी, अंगणात म्हणा वा गच्चीवरील चार कुंड्यांत म्हणा, काही ना काही हिरवे लावलेले असतेच. पावसाळ्यात अशा घरी गेले की एकच तक्रार कानी येते : "रात्री रोप टवटवीत होते, सकाळी पाहतो तो नुसता देठ!"

प्रथम चोर कोण, ते ओळखावे. पानांवर बारीक काळ्या लेंड्या आढळल्या, तर ते काम अळीचे. पाने चिकट होऊन आकसली आणि देठावर मुंग्यांची रांग लागली, तर मावा किंवा पिठ्या ढेकूण. परंतु पान वेडेवाकडे कुरतडलेले असून मातीवर सुकलेल्या लाळेची चकचकीत रेघ दिसली, तर गुन्हेगार गोगलगाय होय. मग ती शंखाची असो वा बिनशंखाची. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपल्या पूर्वजांनी माणसांसाठी योजली खरी, पण मूळ प्राण्यासही ती पुरेपूर लागू पडते. दिवसा ती विटेखाली निपचित पडून असते आणि रात्री कानशीसारख्या खरखरीत जिभेने कोवळे शेंडे खरवडून फस्त करते.

यांतील मोठी, तपकिरी पट्ट्यांच्या शंखाची जात आपल्या देशाची नव्हे. तिचे मूळ पूर्व आफ्रिकेत. विल्यम बेन्सन या इंग्रज अभ्यासकाने १८४७ साली ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि तेथील बागेत ती सोडली गेली. त्या एका हौसेचे फळ आज देशातील अनेक प्रांत भोगीत आहेत. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव या भागांत सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगाईंनी खाऊन टाकली आणि कित्येक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. हिचा प्रत्येक जीव नरही असतो आणि मादीही. एका खेपेस ती शंभरापासून चारशेपर्यंत अंडी मातीत घालते, आणि वर्षातून अशा अनेक खेपा होतात. उन्हाळ्यात शंखाचे तोंड वाळलेल्या लाळेच्या पडद्याने मिटून ती महिनोन् महिने जमिनीत स्वस्थ राहते आणि मृगाच्या सरींबरोबर पुन्हा बाहेर पडते.

हे गणित ध्यानी घेतले म्हणजे आपल्याकडील एका प्रचलित रीतीचा विचार करणे भाग पडते. सकाळी सापडलेली गोगलगाय उचलावयाची आणि कुंपणापलीकडे टाकून द्यावयाची, ही ती रीत. तिच्यामागे जीव न मारण्याची सद्भावना असते, हे आम्ही जाणतो आणि तिचा आदर करतो. परंतु पलीकडेही कोणाची तरी मेथी उगवत असते. आणि टाकलेली गोगलगाय तेथे अंडी घालून सहकुटुंब परत येण्यास समर्थ असते. दया करावयाचीच, तर ती वेळेवर करावी. पावसाच्या आरंभी, अंडी घालण्यापूर्वी दहा वेचल्या, तर श्रावणात हजारांचा संहार करण्याची वेळ येत नाही.

आता उपाय. बागेतील विटा, फुटक्या कुंड्या, कुजका पाचोळा हलवावा. झाडांस पाणी सायंकाळी न देता सकाळी द्यावे, म्हणजे रात्री माती फार ओली राहत नाही. कुंड्या उचलून बुडाशी पाहावे. माती उकरताना साबुदाण्यासारख्या पांढरट अंड्यांचा पुंजका आढळल्यास तो नष्ट करावा. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट सायंकाळी वाफ्यालगत पसरावे. त्याखाली गोळा झालेल्या गोगलगाई पहाटे वेचाव्या. मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत त्या बुडवून, मग खड्ड्यात चुना घालून पुराव्या. मीठ मात्र वाफ्यात टाकू नये. त्याने मातीच नासते. वाफ्याभोवती कोरड्या चुन्याचा पट्टा ओढल्यास त्यावरून सरपटणे तिच्या ओल्या अंगास सोसत नाही. पण सर येऊन गेली की तो पुन्हा ओढावा लागतो.

माताभगिनींस एक कळकळीची सूचना. गोगलगाय उघड्या हाताने कधीही धरू नये, मुलांस तिच्याशी खेळू देऊ नये. तिच्या अंगी असणारा एक सूक्ष्म जंत माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणास सूज येऊ शकते. हातमोजा किंवा चिमटा वापरावा, नंतर हात साबणाने धुवावे. बागेतील कोथिंबीर, पालक चांगल्या धुतल्यावाचून तोंडात घालू नये. बाजारात मेटाल्डिहाइड या औषधाच्या गोळ्या मिळतात. त्या गुणकारी आहेत, परंतु कुत्र्यामांजरांस व गुरांस त्या घातक ठरतात. ज्या अंगणात मूल रांगते, तेथे त्यांचा मोह टाळणेच श्रेयस्कर.

मावा आणि पिठ्या ढेकूण यांस निंबोळीचा अर्क पुरतो. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्याने गाळावी, किंचित साबण मिसळून उन्हे उतरल्यावर फवारावी. पिठ्या ढेकणांचा गोड पाझर चाटण्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात; म्हणून मुंग्यांची वाट आधी मोडावी. गोगलगाईवर मात्र या अर्काची मात्रा चालत नाही. तेथे हातानेच वेचले पाहिजे.

काही मित्र म्हणतात, गोगलगाय खाणारा दुसरा प्राणी आणून सोडावा. १९५५ साली हवाई बेटांवर हाच प्रयोग झाला. फ्लॉरिडाकडील एक मांसाहारी गोगलगाय तेथे सोडली; तिने परक्या चोरास आवरण्याऐवजी तेथल्याच निरुपद्रवी गोगलगाई खाऊन टाकल्या. आपल्याकडे भारद्वाज पक्षी आणि काजव्याच्या अळ्या हे काम मुकाट्याने करीतच आहेत. कुंपणाची दाट झुडपे राखली आणि विषारी फवारे आवरले, तर ते टिकतील.

शेवटी मंडळापुढे दोन विनंत्या ठेवतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवास रोपे वाण म्हणून देण्याची स्तुत्य प्रथा अलीकडे रुजली आहे. ती चालू ठेवावी. मात्र रोप देण्यापूर्वी कुंडीची माती तपासावी, नाहीतर वाणाबरोबर गोगलगाईची अंडीही घरोघर पोहोचतील. दुसरी अशी की, पहिला पाऊस पडताच एका आळीतील घरांनी, मग ती आपल्या ज्ञातीची असोत वा नसोत, ओळीने सात दिवस एकाच वेळी गोगलगाई वेचाव्या. एकट्याने राखलेली बाग शेजारच्या कुंपणापाशी हरते. आळीने राखलेली टिकते. यंदा ज्या आळीत हे घडेल, तेथील अनुभव पुढील स्मरणिकेसाठी अवश्य लिहून पाठवावा.