निवळ पाणी आणि निर्मळ पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी आजारपणाची गोष्ट काढू नये, हे मला कळते. परंतु पाणी भरणे, गाळणे, झाकणे हे आपले रोजचे काम; म्हणून चार शब्द बोलते.

प्रथम माझीच चूक सांगते. आमच्या इमारतीत टँकरचे पाणी येते. सून ते उकळू लागली की मी म्हणे, “अगं, पाणी कसे आरशासारखे निवळ आहे, गॅस कशाला जाळतेस?” पुढे पावसाळ्यात नातवाला जुलाब-उलट्या लागल्या. चार दिवस पोराला सलाईन लावावे लागले. मग जमिनीखालची टाकी उपसली, तो भिंतीला तडा आणि पलीकडेच सांडपाण्याचे चेंबर! पाणी मात्र शेवटपर्यंत निवळच दिसत होते. सुनेची क्षमा मी घरी मागितली. आज चारचौघींत पुन्हा मागते.

ही केवळ माझ्या घरची गोष्ट नव्हे. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे आपल्या वाघोलीबरोबरच २०२१ साली पुणे महापालिकेत आली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच भागात हातापायांतले बळ घालवणाऱ्या ‘जीबीएस’ आजाराची साथ उद्भवली. पुणे परिसरात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण झाले. काही रुग्णांच्या तपासणीत ‘कॅम्पिलोबॅक्टर’ हा जंतू सापडला. दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा हा जंतू डोळ्यांना दिसत नाही.

तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. साडीच्या गाळणीचे म्हणाल, तर बांगलादेशात जुन्या साडीची घडी घालून पाणी गाळल्याने पटकीचे रोगी सुमारे निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा आपल्या आज्या काही वेड्या नव्हत्या! पण उरलेल्या निम्म्यांचे काय? त्यासाठी पाणी खळखळ उकळी फुटून निदान एक मिनिट उकळावे, झाकून ठेवावे आणि दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे.

दुसरा राखणदार म्हणजे क्लोरीन. तो जंतू मारतो आणि थोडा शिल्लक राहून पुढेही पहारा करतो. घरी पोचलेल्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. तो तपासण्याचे औषध नमुन्याच्या पाण्यात थेंबभर घातले की पाणी पिवळे होते. पिवळे झाले नाही, तर पहारेकरी नाही असे समजावे. तपासलेले पाणी मात्र ओतून द्यावे.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेडोपाडी गावागणिक पाच महिलांना पाणी तपासण्यास शिकवण्याची योजना झाली. आपण शहरात आलो म्हणून मागे का राहावे? मंडळाने तपासणीची एक पेटी घ्यावी. प्रत्येक इमारतीतील एका भगिनीने दर आठवड्यास पाणी तपासून वहीत नोंद करावी. नळाचे शुद्ध पाणी मिळणे हा आपला हक्क आहे. तो मागताना हीच वही आपल्या बाजूने बोलेल.

पहिल्या वहीसाठी मी माझे नाव देते. माझ्या सुनेने तिचे माझ्या आधीच दिले आहे.