हळदीला लाइट कशी लावायची: बेलपाड्याच्या मैदानाचं गणित

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "दादा, हळदीला किती शार्पी लागतात?" प्रश्न चुकीच्या टोकाने सुरू होतोय, म्हणून आज थोडं सविस्तर बोलू.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. खारघरमधलं बेलपाडा. नवी मुंबई मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, तेव्हापासून बाहेरच्यांनाही हे नाव माहीत झालं, कारण तिथे स्टेशन आहे. पण मेट्रोच्या आधी तिथे गावठाण आहे, आगरी-कोळी घरं आहेत, आणि हळद म्हणजे काय ते तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. धरून चालू की मोकळ्या जागेत ४० बाय ६० फुटांचा मांडव आहे. एका टोकाला तीन फूट उंच स्टेज, समोर नाचायला जागा, बाजूला बेंजो किंवा डीजे.

पहिली गोष्ट ही समजून घ्या की या एका मांडवात दोन वेगळी कामं आहेत. स्टेजवर नवरा किंवा नवरी बसलेली, हळद लागतेय, धवलारीण धवले म्हणतेय. तिथे चेहरे दिसले पाहिजेत. फ्लोअरवर मात्र चेहरा दिसला नाही तरी चालतं, हालचाल दिसली पाहिजे. आपल्याकडे होतं काय, तर सगळे पैसे फ्लोअरच्या शार्पीत जातात आणि स्टेजला उरतात डेकोरेटरचे दोन हॅलोजन. वर डीजेवाल्याच्या स्ट्रोबमध्ये म्हातारी धवलारीण डोळे मिटून गाते. मला हे अजिबात पटत नाही. ज्या विधीसाठी मांडव घातलाय, त्याला आधी लाइट द्या.

स्टेजची लाइट सोपी आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅनली मॅककँडलेस नावाचे शिक्षक होते. १९३२ मध्ये त्यांनी पुस्तकात एक पद्धत मांडली, ती आजही नाट्यगृहांत वापरतात. समोरून दोन लाइट, एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही साधारण ४५ अंशांतून. एक किंचित उबदार, एक किंचित थंड. त्याने नाक, गाल, डोळे उठून दिसतात. आपल्या मांडवात हिशोब करा: स्टेज ३ फूट, त्यावर उभ्या माणसाचा चेहरा साडेपाच फुटांवर, म्हणजे जमिनीपासून साडेआठ फूट. ट्रस १६ फुटांवर असेल तर फरक साडेसात फूट. ४५ अंश हवे असतील तर ट्रस चेहऱ्यांच्या पुढे साडेसात फुटांवर पाहिजे. ८ ते १० फूट चालेल. २५ फूट मागे बांधली तर लाइट सपाट पडते आणि पाठीमागच्या बॅकड्रॉपवर सगळ्यांच्या सावल्या नाचतात.

आता रंग. हळदीला उबदार पांढरा, ३२०० केल्विनच्या आसपास. स्टेजवर गडद निळा वॉश मारू नका. पिवळी वस्तू निळा प्रकाश फारसा परत फेकत नाही, त्यामुळे हळद लावलेला चेहरा काळपट-हिरवट दिसतो. ज्याला फोटोत सोनेरी दिसायचंय तो आजारी दिसतो. (गंमत म्हणून सांगतो, युव्ही लाइटीखाली हळद हिरवट-पिवळी चमकते. घरी हातावर लावून बघा.)

फ्लोअरकडे येऊ. दुकानात पारच्या खोक्यावर २५ अंश वगैरे लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, ५ मीटर अंतरावर साधारण सव्वादोन मीटर रुंद गोल पडतो. म्हणजे पारची संख्या फ्लोअरच्या मापावरून काढता येते, "आमच्या गावात त्यांनी २० लावले होते" यावरून नाही. ४० फुटांच्या फ्लोअरला कडेने ८ आणि स्टेजसकट मिळून १६ एलईडी पार मला पुरेसे वाटतात. त्यावर ८ शार्पी. शार्पी हे खरं तर क्ले पाकी या इटालियन कंपनीच्या एका मॉडेलचं नाव, पण आपल्याकडे बीम मारणारं काहीही शार्पीच. बीम दिसायला हवेत धूर लागतो. तोही फार नको, नाहीतर बेंजोवाल्याला स्वतःच्या तारा दिसत नाहीत.

आता वीज, आणि इथे जरा कान देऊन ऐका, कारण इथेच माणसं मरतात. १६ पार, प्रत्येकी १५० वॅट धरा: २.४ किलोवॅट. ८ शार्पी, प्रत्येकी ३५० वॅट: २.८. मिळून ५.२. आता कुणीतरी म्हणतो, "चार ब्लाइंडर पण लाव रे." एक ब्लाइंडर म्हणजे ६५० वॅटचे दोन दिवे, १.३ किलोवॅट. चार मिळून ५.२. म्हणजे चार ब्लाइंडर तेवढीच वीज खातात जेवढी बाकीची सगळी लाइट. दोन स्मोक मशीन आणखी ३. एकूण १३.४ किलोवॅट, २३० व्होल्टला ५८ अँपिअर. हे शेजारच्या घराच्या मीटरमधून वायर टाकून करायचं काम नाही. तीन फेजवर वाटा, प्रत्येकी २० अँपिअरच्या आत येतं. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या किंवा २५ केव्हीएचा जनरेटर लावा. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर तो २० किलोवॅट देतो. साउंड त्यावर टाकू नका, त्याचा वेगळा ठेवा. अर्थिंग करा, आणि मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. ट्रस लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची असते, आणि तिला हात लावून उभी राहतात ती लहान मुलं.

वजनाचंही तसंच. एक शार्पी साधारण १८-२० किलोची. आठ म्हणजे दीडशे किलोच्या आसपास, माणसांच्या डोक्यावर. क्लॅम्प कितीही घट्ट असला तरी प्रत्येकीला वेगळी सेफ्टी वायर लावायची.

डीएमएक्सचं थोडक्यात सांगतो. १९८६ पासून हेच चालू आहे. एका लाइनला ५१२ चॅनेल आणि जास्तीत जास्त ३२ उपकरणं. शार्पीचे १६ चॅनेल धरले तर आठांचे १२८, ८ चॅनेलच्या १६ पारचे १२८. मिळून २५६, म्हणजे अर्धंच बोर्ड भरलं. शेवटच्या लाइटला १२० ओहमचा टर्मिनेटर लावा. माइकची केबल वापरली की शार्पी मध्येच मान झटकायला लागते, तेव्हा मशीनला दोष देऊ नका.

राहिला लेझर. माझं म्हणणं सरळ आहे: हळदीला लेझर नको. शाळेतला पॉइंटर ५ मिलिवॅटपर्यंतचा असतो. बाजारातला शो लेझर ३ वॅटचा, म्हणजे सहाशे पट, आणि अर्ध्या वॅटच्या वर गेला की तो सगळ्यात धोकादायक वर्गात, क्लास ४ मध्ये मोजतात. साधी लाइट अंतर दुप्पट झालं की पाव होते, लेझर तसा पसरत नाही. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमध्ये डोळ्याच्या पडद्याला इजा झालेले तरुण डॉक्टरांकडे गेल्याच्या बातम्या आल्या, आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी लेझर बीमवर बंदी घातली. नाचणारा माणूस मान वर करतो, तेव्हाच बीम खाली येतो.

स्ट्रोबही हळू ठेवा. ब्रिटनमधला सुरक्षेचा सल्ला सेकंदाला चार झगमगाटांपेक्षा जास्त नको असा आहे, कारण मिरगीचा त्रास असलेल्याला वेगवान स्ट्रोबने झटका येऊ शकतो.

आणि बेलपाड्यासाठी खास एक गोष्ट. मेट्रोचा मार्ग उंच खांबांवर आहे, जवळून सायन-पनवेल हायवे जातो, आणि काही किलोमीटरवर नवी मुंबई विमानतळ आहे, ज्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. आपली शार्पी उघड्या मांडवातून बाहेर गेली की ती मेट्रोच्या मोटरमनच्या, ट्रकवाल्याच्या किंवा उतरत्या विमानाच्या पायलटच्या डोळ्यात जाते. म्हणून बोर्डवर टिल्टची मर्यादा लावून टाका, वर आणि रस्त्याकडे बीम जाणारच नाही अशी. ही सेटिंग पाच मिनिटांची आहे. दुपारी, मंडळी यायच्या आधी, एकेक शार्पी फिरवून बघायची.